जुने मेल नव्या सर्व्हरवर नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होस्टिंग बदलायचं असतं, आउटलुकचा जुना पीसी अखेरच्या घटका मोजत असतो, किंवा ऑफिसने नवी मेल सेवा घेतलेली असते. नवा पत्ता अर्ध्या तासात चालू होतो. अडतं ते मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या मेलपाशी. एकटा माणूस किंवा पाच-पंधरा जणांचं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. हजार खात्यांच्या कंपनीला वेगळी तयारी लागते, ती इथे नाही.

सुरुवात कुठून करायची?

मेल नक्की कुठे पडलाय ते शोधण्यापासून. हे न करता कामाला हात घालणाऱ्यांचेच मेल बहुतेक हरवतात.

मेल प्रोग्रामच्या अकाउंट सेटिंगमध्ये इनकमिंग सर्व्हरचा पोर्ट पाहा. ११० किंवा ९९५ असेल तर खातं पॉपचं आहे, १४३ किंवा ९९३ असेल तर आयमॅपचं. पॉप म्हणजे टपालपेटीतली पत्रं घरी नेऊन ठेवणं: सर्व्हरवरचा मेल तुमच्या मशीनवर उतरतो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून पुसला जातो. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच राहतो, मशीनवर फक्त त्याची प्रत असते.

पॉपवाल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पॉपला फक्त इनबॉक्स कळतो. तुम्ही पाठवलेले मेल, हाताने बनवलेले फोल्डर, हे सगळं त्या एका मशीनवरच असतं. दुसरं म्हणजे आउटलुकमध्ये पॉप खात्याला ‘चौदा दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ हे आपोआप लागू असतं. त्यामुळे वेबमेल उघडल्यावर शेवटच्या दोन आठवड्यांचे मेल व्यवस्थित दिसतात, माणूस निर्धास्त होतो आणि जुना पीसी भंगारात देतो. भंगारवाल्याकडून हार्डडिस्क परत आणायला धावलेली माणसं मी पाहिली आहेत.

आयमॅप आहे म्हणजे बॅकअप आहेच ना?

नाही. आयमॅप दोन्ही बाजू सारख्या ठेवतो. सर्व्हरवर पुसलं की मशीनवरूनही जातं, आणि उलटही. म्हणून काम सुरू करण्याआधी सगळ्याची एक वेगळी प्रत काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका.

ती प्रत पेनड्राइव्हवर घेणार असाल तर ड्राइव्हचा फॉरमॅट पाहा. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. ११ जीबीची पीएसटी (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) तिथे कॉपी होणारच नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

दोन्ही खाती आयमॅपची आहेत. सगळ्यात सोपा रस्ता कोणता?

थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम घ्या, फुकट आहे. त्यात जुनं आणि नवं, दोन्ही खाती जोडा. डावीकडे दोघांचे फोल्डर एकाखाली एक दिसतात. नव्या खात्यात हवे ते फोल्डर बनवा, जुन्या फोल्डरमधले मेल निवडा, उजवं क्लिक करून ‘कॉपी टू’ म्हणा आणि नवा फोल्डर दाखवा. ‘मूव्ह टू’ नको. मूव्ह करताना लाइन गेली तर कोणता मेल कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. कॉपी अर्धवट राहिली तर मूळ जागच्या जागी असतं.

एका वेळी पाचशे-हजार मेल घ्या. चाळीस हजारांचा इनबॉक्स एकदम उचललात तर प्रोग्राम थिजतो आणि किती गेले, किती राहिले ते कळत नाही. तीन-चार जीबीपर्यंत ही पद्धत पुरते.

त्याहून जास्त असेल तर?

मग आयमॅपसिंक. जिल लामिराल या फ्रेंच प्रोग्रामरने पर्लमध्ये लिहिलेलं हे कमांडवर चालणारं साधन आहे. होस्टिंगवाले, कॉलेजं, सल्लागार, सगळे वर्षानुवर्षं ते वापरतात. एका बाजूचा सर्व्हर, नाव, पासवर्ड द्यायचा, दुसऱ्या बाजूचं तसंच द्यायचं, आणि ते एकेक मेल पाहून उचलतं. जो मेल पलीकडे आधीच पोचलाय तो पुन्हा नेत नाही. हाच त्याचा खरा गुण. लाइन गेली, वीज गेली, तर तीच कमांड परत चालवायची, राहिलेलं तेवढं जातं.

पहिल्यांदा ‘ड्राय’ हा पर्याय लावून चालवा. त्यात काहीच हलत नाही, फक्त काय झालं असतं ते छापून येतं. मग ‘जस्टफोल्डर्स’ लावून नुसते फोल्डर बनवून घ्या आणि नव्या बाजूला ते नीट दिसतात का पाहा. त्यानंतर मेल.

एका पर्यायापासून मात्र दूर राहा: ‘डिलीट२’. तो नवी बाजू जुन्या बाजूची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे जुन्या बाजूला नसलेलं नव्या बाजूचं सगळं पुसतो. दरम्यान नव्या खात्यात मेल यायला लागले असतील तर तेही जातात. इंटरनेटवरून उचललेल्या तयार कमांडींत हा पर्याय कधीकधी गुपचूप बसलेला असतो. एंटर दाबण्याआधी ओळ शेवटपर्यंत वाचा.

पासवर्ड बरोबर आहे, वेबवर लॉगिन होतं, पण थंडरबर्ड किंवा आयमॅपसिंक नकार देतं.

मोठ्या सेवांनी नुसता पासवर्ड घेणं बंद केलंय. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, तर मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता प्रोग्रामला ब्राउझरची खिडकी उघडून परवानगी घ्यावी लागते. थंडरबर्ड ती घेतं. जुनं आउटलुक २०१० वगैरे घेऊ शकत नाही.

जीमेलला दुसरी वाट आहे. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि ॲप पासवर्ड बनवा. सोळा अक्षरं मिळतात, ती नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायची. काम झालं की तो ॲप पासवर्ड रद्द करा.

जीमेलमध्ये २० जीबी आहेत, पण उतरवताना ४५ जीबी का दिसतात?

कारण जीमेलमध्ये फोल्डर नाहीत, लेबलं आहेत. एका मेलला ‘इनबॉक्स’, ‘बँक’ आणि ‘महत्त्वाचं’ अशी तीन लेबलं असतील, तर आयमॅपमधून पाहताना तो तीन फोल्डरांत दिसतो आणि चौथ्यांदा ‘ऑल मेल’मध्ये. सगळे फोल्डर उचललेत तर एकच मेल चार वेळा उतरेल.

दोन वाटा आहेत. लेबलं जपायची असतील तर ‘ऑल मेल’ वगळा. पण मग लेबल नसलेले, अर्काइव्ह केलेले मेल मागे राहतात, त्यांना आधी ‘जुने’ असं एखादं लेबल लावून घ्या. लेबलांची फिकीर नसेल तर फक्त ‘ऑल मेल’ उचला आणि नव्या जागी शोधून वापरा. मी लोकांना दुसरी वाट सुचवतो. लावलेल्या लेबलांपैकी बहुतेकांकडे वर्षानुवर्षं कोणी पाहिलेलं नसतं.

उलटं करायचंय. जीमेलमध्ये चढवायचंय. किती वेळ लागेल?

तुमच्या इंटरनेटचा वेग इथे कामाचा नाही. आयमॅपने दिवसाला ५०० एमबी चढवता येतात आणि २,५०० एमबी उतरवता येतात, अशी गुगलने ऑफिसच्या खात्यांसाठी नोंदवलेली मर्यादा आहे. ती ओलांडली की खातं काही काळ अडतं. २० जीबी चढवायचे तर ५०० एमबीच्या हिशेबाने चाळीस दिवस.

ऑफिसचं गुगल वर्कस्पेस असेल तर ॲडमिन कन्सोलमध्ये गुगलचं स्वतःचं डेटा मायग्रेशन आहे, ते वापरा. आणि जागा मोजा. फुकट खात्याचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असतात.

माझ्या अटॅचमेंट ३ जीबीच्या आहेत, मेल फाइल ४ जीबीच्या वर कशी?

मेल हा मुळात साध्या मजकुराचा मामला आहे. अटॅचमेंट त्यात बसवताना दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. जागा ठरवताना अटॅचमेंटच्या आकारावर आणखी एक तृतीयांशाहून थोडी जास्त धरा.

पीएसटी फाइल मिळाली आहे. तिचं काय करू?

आधी तिचं वय पाहा. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, आणि फाइल त्या हद्दीला टेकली की बिघडायची. २००३ पासून नवा प्रकार आला. तो मोठा होऊ शकतो: २००३ आणि २००७ मध्ये २० जीबी, २०१० पासून ५० जीबी ही ठरलेली हद्द. जुनी पीएसटी उघडत नसेल तर आउटलुकबरोबरच येणारं ‘स्कॅनपीएसटी’ चालवा, पण प्रतीवर, मूळ फाइलवर नाही.

मिळालेली फाइल ओएसटी असेल तर ती आयमॅप किंवा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा ऑफिसांसाठीचा मेल सर्व्हर) खात्याची मशीनवरची नक्कल आहे. दुसऱ्या मशीनवर नेऊन ती पीएसटीसारखी सरळ उघडता येत नाही. खातं अजून चालू असेल तर ओएसटीच्या मागे लागू नका, सर्व्हरवरूनच घ्या.

चांगली पीएसटी हलवायचा सरळ मार्ग: जुन्या पद्धतीचं, क्लासिक आउटलुक घ्या, त्यात पीएसटी उघडा, नवं आयमॅप खातं जोडा आणि फोल्डर-फोल्डर कॉपी करा. नुसतं माउसने ओढलंत तर मेल मूळ जागेवरून निघतात. मेनूतून ‘कॉपी’ निवडा. आउटलुक सापडत नसेल तर लिनक्सवर ‘रीडपीएसटी’ नावाचं छोटं साधन आहे, ते पीएसटी फोडून एमबॉक्स (मेलची साधी मजकूर फाइल, पुढे सांगितली आहे) करून देतं.

पीएसटी एक्स्चेंजवाल्या कंपनीतून आली असेल तर एक गोम असते. एकाच ऑफिसातल्या लोकांचे पत्ते त्यात नेहमीच्या ॲट चिन्हाच्या रूपात नसतात. तिरक्या रेघांनी जोडलेली, कंपनीचं नाव, विभाग, माणूस अशी एक लांबलचक साखळी असते. नव्या जागी त्या मेलना ‘रिप्लाय’ केलंत की मेल परत येतो. मेल वाचायला काही अडचण नाही, उत्तर देताना पत्ता हाताने टाका.

वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुक एक्स्प्रेस होतं. त्याआधी युडोरा. ते मेल वाचतील का?

वाचतील बहुधा, आणि हा खटाटोप करावाच. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. त्यानंतरच्या दहाएक वर्षांतली मुलांची परदेशातून आलेली पत्रं, लग्नाच्या याद्या, सगळं अशाच फाइलींत आहे. व्हीएसएनएलचा पत्ता गेला तरी डिस्कवरची फाइल असते.

आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरसाठी एक डीबीएक्स फाइल ठेवायचं. युजरच्या ‘ॲप्लिकेशन डेटा’मध्ये, ‘आयडेंटिटीज’ नावाच्या फोल्डरमध्ये, लांबलचक आकड्यांच्या आत ती सापडते. फोल्डर लपवलेला असतो, ‘हिडन फाइल्स दाखवा’ केल्याशिवाय दिसत नाही. त्या फाइली फोडून सुटे ईएमएल (एका मेलची एक फाइल) करून देणारी साधनं आहेत, आणि ईएमएल थंडरबर्डमध्ये जातात.

युडोराचं जरा वेगळं. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ते बनवलं. त्याच्या मेल फाइली साध्या एमबॉक्ससारख्याच, नोटपॅडमध्येही उघडतात. पण युडोरा मेल आला की अटॅचमेंट काढून वेगळ्या ‘अटॅच’ फोल्डरमध्ये टाकायचं आणि मेलमध्ये फक्त एक ओळ सोडायचं: ‘अटॅचमेंट कन्व्हर्टेड’, आणि पुढे सी ड्राइव्हवरचा पत्ता. नुसती मेल फाइल उचलून आणलीत तर पत्रं मिळतात, फोटो नाहीत. युडोराचा अख्खा फोल्डर उचला.

एमबॉक्स म्हणजे काय?

एका फोल्डरचे सगळे मेल एकाखाली एक लिहिलेली एकच फाइल. प्रत्येक मेलच्या आरंभी ‘फ्रॉम’ शब्द आणि एक स्पेस असलेली ओळ असते, तीच दोन मेलमधली भिंत. कोणी मजकुरातच ‘फ्रॉम’ने ओळ सुरू केली तर गोंधळ नको म्हणून प्रोग्राम तिच्यापुढे बाणासारखं एक चिन्ह लावतो. जुन्या मेलमध्ये मधूनच असा बाण दिसला तर तो याचा. थंडरबर्ड, युडोरा, गुगल टेकआउट, सगळे याच घराण्यातले, म्हणून कशात ठेवावं हे ठरत नसेल तर एमबॉक्समध्ये ठेवा.

थंडरबर्डमधून नेलं आणि वर्षांपूर्वी डिलीट केलेले मेल परत आले!

ते गेलेच नव्हते. थंडरबर्ड मेल पुसताना एमबॉक्समधून लगेच काढत नाही, ‘पुसला’ अशी खूण करतं. दुसऱ्या प्रोग्रामला ती खूण कळत नाही. फाइल उचलण्याआधी ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ करा. ज्या फाइलींचं नाव एमएसएफने संपतं त्या नेऊ नका, ती फक्त अनुक्रमणिका आहे. त्याच नावाची, पुढे काहीच नसलेली फाइल खरी.

मराठी नावांचे फोल्डर आणि मराठी मेल वाचता येत नाहीत.

ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर वेगळा इलाज.

फोल्डरचं नाव ॲम्परसँडने (&) सुरू होऊन हायफनवर संपणारी निरर्थक अक्षरं झालं असेल, तर काही बिघडलेलं नाही. आयमॅपमध्ये देवनागरी नावं अशाच सांकेतिक रूपात साठवली जातात, चांगला प्रोग्राम ती परत देवनागरीत दाखवतो. ही नावं कच्ची दिसली तर मधल्या साधनाने ती जशीच्या तशी उचलून पुन्हा सांकेतिक केली आहेत. सोपा उपाय म्हणजे नेण्याआधी ‘घर’, ‘सोसायटी’, ‘शेतीचे कागद’ अशा फोल्डरांना तात्पुरती रोमन नावं द्यायची आणि नंतर परत बदलायची. नावात टिंब किंवा तिरकी रेघ असेल तर तीही काढा. काही सर्व्हरांवर टिंब म्हणजे ‘आतला फोल्डर’, त्यामुळे ‘डॉ. जोशी’ हा एक फोल्डर दोन होऊन बसतो.

मजकुरात प्रत्येक अक्षरागणिक डोक्यावर रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचं गोल चिन्ह दिसत असेल, तर मेल युनिकोडमध्येच आहे, वाचणारा प्रोग्राम त्याला पाश्चात्त्य समजतोय. व्ह्यू मेनूतून टेक्स्ट एन्कोडिंग दुरुस्त करा. मेल पुन्हा नेण्याची गरज नाही.

तिसरं दुखणं जुनं. युनिकोडच्या आधी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेले मेल. तो मजकूर रोमन अक्षरांच्या कोडांवर मराठी चित्रं बसवून केलेला असतो. फॉन्ट नसेल तर कचरा दिसतो, कितीही एन्कोडिंग बदला. त्याला त्या-त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो, आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. मेल मात्र आहे तसाच न्या. बदललेला मजकूर शेजारी वेगळा ठेवा.

सगळ्या मेलवर आजची तारीख दिसतेय.

मेलला दोन तारखा असतात. एक पाठवणाऱ्याने मेलमध्ये लिहिलेली, दुसरी सर्व्हरने मेल आत घेतल्याची. काही साधनं दुसरी तारीख बरोबर नेत नाहीत, म्हणून नव्या सर्व्हरला सगळे मेल आजच आल्यासारखे वाटतात. प्रोग्राममध्ये ‘रिसीव्हड’ऐवजी ‘डेट’ हा कॉलम लावा, बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. मोबाइलवर तो पर्याय नसेल तर आयमॅपसिंकने पुन्हा न्या, ते दोन्ही तारखा जपतं.

एवढं करण्यापेक्षा सगळे मेल नव्या पत्त्यावर फॉरवर्ड केले तर?

नको. पाठवणारे तुम्ही होता, तारीख आजची होते आणि मूळ हेडर (मेल कुठून, कधी, कसा आला याच्या नोंदी) जातात. साध्या पत्रव्यवहाराला ते चालेलही, पण घराचा करार, बिल्डरशी झालेला मेलवरचा वाद, पगाराचं पत्र, यांना नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅश (फाइलमधून काढलेली, तिची ओळख पटवणारी खूण) नोंदवावा लागतो. असे मेल सुटे ईएमएल म्हणून सेव्ह करून वेगळे ठेवा. धंद्याचे मेल पुसण्याआधी सीएंना विचारा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि बरीच बिलं मेलमध्येच असतात.

डोमेन तोच आहे, सर्व्हर बदलायचाय. मेल आधी की एमएक्स आधी?

मेल आधी. एमएक्स म्हणजे तुमच्या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे ते सांगणारी नोंद. क्रम असा ठेवा. नव्या सर्व्हरवर सगळी खाती बनवा. जुने मेल नेऊन घ्या, याला काही दिवस लागले तरी हरकत नाही, जुनं चालूच आहे. एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ) एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. मग शनिवारी संध्याकाळी एमएक्स बदला. पुढचे दोन दिवस काही मेल जुन्या सर्व्हरवर येतच राहतील. सोमवारी-मंगळवारी आयमॅपसिंक पुन्हा चालवलं की तेही येतात. एसपीएफ आणि डीकिम रेकॉर्डही (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) नव्या सर्व्हरचे लावा, नाहीतर तुमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील आणि तो ‘मेल मिळालाच नाही’ म्हणेल.

कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, फिल्टर?

आयमॅपने यातलं काहीही येत नाही. कॉन्टॅक्ट व्हीकार्ड किंवा सीएसव्ही करून, कॅलेंडर आयसीएस करून न्या. फिल्टर नव्याने लिहा.

पैसे देऊन मिळणारे कन्व्हर्टर घ्यावेत का?

बिघडलेली पीएसटी आणि खातं बंद पडलेली, अनाथ ओएसटी, या दोन कामांना कधीकधी लागतात. बाकी कामं फुकट साधनांनी होतात. घेतलाच तर आधी ट्रायल चालवा, आणि तुमचा मेल त्यांच्या सर्व्हरवर चढवायला सांगणारा ऑनलाइन कन्व्हर्टर टाळा. त्या फाइलीत बँकेची स्टेटमेंट आणि आधारच्या प्रती असतात.

जुनं खातं कधी बंद करू?

प्रत्येक फोल्डरचा आकडा दोन्हीकडे जुळवा. मग सगळ्यात जुना मेल, सगळ्यात मोठी अटॅचमेंट आणि एखादा मराठी मेल नव्या जागी उघडून पाहा. आकड्यात पाच-दहाचा फरक असेल तर तो बहुधा आकाराच्या मर्यादेत न बसलेल्या मोठ्या मेलचा असतो. आयमॅपसिंक शेवटी अशा चुकांची यादी देतं, ती वाचा.

तरी लगेच बंद करू नका. बँक, डीमॅट, विमा, वीजबिल, शाळा, सगळीकडे जुना पत्ता दिलेला असतो आणि कुठे-कुठे ते वर्षभरात हळूहळू कळतं. बंद न करता नुसतं सोडून देणंही धोक्याचं. गुगल दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकू शकतं. स्वतःचा डोमेन असेल तर मेल सेवा बदलली तरी त्याचं नूतनीकरण चुकवू नका. सुटलेला डोमेन कोणीही घेऊ शकतं, आणि तुमच्या जुन्या पत्त्यावरचे पासवर्ड-बदलाचे मेल मग त्याच्याकडे जातात.